बॅगेतून आधी काय काढायचं?

परदेशी निघालेल्या वाचकांची पत्रं या खेपेला बरीच आली आहेत. बहुतेकांनी विचारलंय, काय काय न्यावं. आम्ही उलट्या टोकानं सुरुवात करतो. चाकू-कात्री हातातल्या बॅगेत नको, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. माणसं अडकतात ती घरच्या डब्यांपायी. ज्या जिन्नसात काय काय घातलंय हे कस्टमच्या माणसाला एका वाक्यात सांगता येणार नाही, तो जिन्नस घरीच ठेवावा, असं आमचं सरळ मत आहे.

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने मेलबर्नला जाणार आहे. बेळगावचा कुंदा, घरचं तूप, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोप, वेखंड, धुरीचं सामान असं सगळं काढून ठेवलंय. यातलं काय चालेल?
— एक वाचक, शहापूर (बेळगाव)

ताई, तुमच्या यादीतलं निम्म्याहून जास्त सामान शहापुरातच राहू द्या. ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत आणि त्यामागे कारण आहे. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकत होतो, त्यांच्याकडे हा रोग नाही. त्याचे विषाणू दुधातून आणि मांसातून जाऊ शकतात, म्हणून भारतातून येणारं दूध आणि दुधाचे पदार्थ ते आत घेत नाहीत. बर्फी, पेढा, गुलाबजाम, रसमलाई यांच्यावर तिथं बंदीच आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध, तेव्हा तो त्याच रांगेत बसतो. दुकानाचा सीलबंद डबा असला तरी फरक पडत नाही. तूपही काढा. मेलबर्नमध्ये भारतीय दुकानं भरपूर आहेत, तूप कुठंही मिळतं.

अळीव म्हणजे पेरलं तर उगवणारं बी, आणि उगवू शकणाऱ्या बियांकडे तिथं फार संशयानं बघतात. वेखंड म्हणजे जमिनीतून उपटलेलं मूळ, मातीचा कण चिकटलेला असला तरी ते गेलंच समजा. ही दोन्ही नकोत. डिंकाच्या लाडवात तूप, खोबरं, खारीक, खसखस असं पाच-सहा प्रकारचं मिश्रण असतं, त्यामुळे ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतं. तिथं जाऊन करायचे ठरवा. डिंक, खारीक, बदाम तिकडं मिळतात. भाजलेली बाळंतशोप कंपनीच्या बंद पाकिटात, नाव छापलेली असेल तर न्या आणि जाहीर करा.

धुरीच्या सामानात गोवरीचा तुकडा असेल तर तो आजच बाहेर काढा. शेण, गोमूत्र यांतलं काहीही कुठल्याच देशात नेऊ नका. २०२१ साली वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारस बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्या नष्ट करून टाकल्या, कारण तेच, लाळ्या-खुरकत. दृष्ट काढायला घेतलेला कापूर आणि आगपेटी तर विमानातच चालत नाही. कापूर पेट घेणारा पदार्थ आहे, तो हातातल्या बॅगेतही नको आणि आत सोडायच्या बॅगेतही नको. आगपेटीचं तसंच. उदबत्त्या चालतात.

आता महत्त्वाचं. उतरण्याआधी विमानात एक कार्ड भरायला मिळतं. त्यात खाण्याचे पदार्थ, बिया, वनस्पती आहेत का असं विचारलेलं असतं. एक पापड असला तरी तिथं 'हो' म्हणा. जाहीर केलेली वस्तू नाही चालली तर ते काढून घेतात आणि विषय संपतो, दंड होत नाही. 'नाही' लिहून वस्तू सापडली तर मात्र मोठा दंड बसतो, आणि २०१९ पासून गंभीर प्रकरणात व्हिसा तिथल्या तिथं रद्द करून परत पाठवायचाही अधिकार त्यांना आहे. बाळंतपणाला गेलेल्या आईवर ती पाळी नको. इंग्रजी येत नसेल तर मुलीकडून यादी इंग्रजीत लिहून घ्या आणि कार्डाबरोबर पुढं करा.

मुलगा दुबईला नोकरीला चाललाय. वर्षभराची कांदा-लसूण चटणी, दिवाळीचे अनारसे, थोडी सुपारी-तंबाखू आणि नेहमीची औषधं द्यायची आहेत. शेजारच्यांनीही त्यांच्या मुलासाठी एक पुडकं दिलंय.
— एक वाचक, निपाणी

यातली सगळ्यात धोक्याची वस्तू तुमच्या लक्षातही आलेली नसेल. ती आहे खसखस. खसखस अफूच्या बोंडातून निघते आणि संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, सिंगापूर इथं ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या घरात ती डब्यात असते, पण बॅगेत ती लपून बसते. अनारशाला एका बाजूनं लावलेली असते. करंजीच्या सारणात असते. काही ठिकाणी गोकाकच्या करदंटातही घालतात. आणि कांदा-लसूण चटणीत बहुतेक घरी किलोभर मिरचीमागे पन्नास-शंभर ग्रॅम खसखस भाजून कुटलेली असते. 'आमच्यात घालत नाहीत' म्हणून भागत नाही. डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) चटणी कुटून घेतली असेल तर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळीला चिकटलेला असतो, त्यातले दाणे तुमच्या चटणीत येतात.

उपाय अवघड नाही. आखातात जाणाऱ्याची चटणी वेगळी करा. खसखशीच्या जागी तीळ थोडे जास्त भाजून घाला, दाटपणा तेवढाच येतो. घरच्या मिक्सरवर भांडं धुऊन-पुसून वाटा, डंकावर देऊ नका. तयार मसाला घेणार असाल तर पाकिटामागची यादी वाचा. त्यात 'पॉपी सीड्स' असेल तर ते पाकीट परत ठेवा. अनारसे देऊच नका, दिवाळीला तो येईल तेव्हा खाईल. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी चालते. बॅग दुबईत फक्त विमान बदलायला थांबणार असेल तरी खसखस नको, कारण तपासणी त्या विमानतळावरही होते आणि कायदा तिथलाच लागतो.

पान, गुटखा, तोंडात धरायचा तंबाखू निपाणीतच राहू दे. विड्याच्या पानापासूनच्या वस्तूंना दुबईत बंदी आहे. पुढं कधी सिंगापूरला जायचं झालं तर तिथंही चघळायचा तंबाखू नेता येत नाही. च्युइंगमही नेता येत नाही, ती बंदी १९९२ पासूनची.

औषधांचं जरा सावकाश वाचा. गोळीचं नाव बघू नका, पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषध बघा. ट्रॅमॅडॉल (पाठदुखी-सांधेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत असतं), कोडीन (काही खोकल्याच्या औषधांत असतं), अल्प्राझोलाम (झोपेची, घाबरेपणाची गोळी) ही नियंत्रित औषधं आहेत. आपल्याकडं ओळखीचा दुकानदार देतो म्हणून ती साधी होत नाहीत. खरंच लागत असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी घ्या, मूळ औषधाचं नाव, मात्रा, किती दिवसांसाठी हे लिहून घ्या, आणि निघण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी काढा. लागत नसतील तर 'असू दे जवळ' म्हणून एक पट्टीसुद्धा टाकू नका. बाकीची औषधं मूळ पट्टीतच न्या. गोळ्या सोडवून डबीत भरू नका, मग ती कशाची गोळी हे कुणालाच सांगता येत नाही. आयुर्वेदिक चूर्णाच्या कागदी पुड्याही नकोत.

शेजाऱ्यांच्या पुडक्याबद्दल बोलायला संकोच वाटतो, हे खरं. पण बॅगेला मुलाचं नाव लागलेलं असतं, आणि आतल्या प्रत्येक वस्तूचा जबाब त्यालाच द्यावा लागतो. पुडकं शेजाऱ्यांसमोर उघडा, काय आहे ते डोळ्यांनी बघा, पुन्हा स्वतः बांधा. शिवलेलं, चिकटवलेलं, 'उघडू नका' म्हणून दिलेलं काहीही घेऊ नका. औषधं आणि मसाला तर दुसऱ्याचा नकोच. वाईट वाटलं तर वाटू दे.

मुलगी जर्मनीत एम.एस.ला जातेय. कुकर, मिक्सर, इस्त्री, स्टीलची भांडी, गादीची चादर, पुस्तकं असं मांडून ठेवलंय. वजन ४६ किलोपर्यंत चालतं म्हणतात. बेळगावहून विमानानं मुंबई, तिथून पुढं.
— एक पालक, टिळकवाडी (बेळगाव)

आधी वजनाचंच बघू, कारण बेळगावकरांची गडबड इथंच होते. ४६ किलो (२३ किलोच्या दोन बॅगा) ही सवलत मुंबईहून सुटणाऱ्या विमानाची आहे. सांबऱ्याहून (म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्या टप्प्याला देशांतर्गत नियम लागतो, आणि तो साधारण १५ किलोचा असतो. म्हणजे ३१ किलो जादा, आणि जादाचे पैसे किलोमागे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बहुधा आंतरराष्ट्रीय सवलत सांबऱ्यापासूनच मिळते, पण तसं तिकिटावर छापलेलं आहे का ते बघून घ्या. नसेल तर मुंबईपर्यंत बस किंवा रेल्वे बरी. लहान एटीआर विमान असेल तर हातातली बॅगही मोठी चालत नाही, वरच्या कप्प्यात ती मावतच नाही.

बॅग रिकामी असताना तोलून बघा. जाड चाकांची मोठी बॅग नुसतीच चार-पाच किलो भरते, २३ मधले तेवढे तिथंच गेले. घरी वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, वजाबाकी करा. एकेक बॅग साडेबावीसवर थांबवा, काट्याकाट्यांत फरक पडतो. 'एक बॅग २८, एक १८, बेरीज तीच' हे चालत नाही, वजन बॅगवार मोजतात. ३२ किलोवरची बॅग तर पैसे भरूनही घेत नाहीत, ती उचलणाऱ्या माणसाची मर्यादा आहे.

आता सामान. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, तेव्हा मिक्सर-इस्त्री जळणार नाही. पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भोकात बसत नाही, अडॅप्टर लागतो. इस्त्री तिकडं स्वस्तात मिळते, काढा. मिक्सर आमच्या मते न्यावा की नाही हा खोबऱ्याच्या चटणीशिवाय चालतं का यावर अवलंबून आहे. न्यायचाच तर एकच लहान भांडं न्या. अमेरिकेला जाणाऱ्यानं मात्र हे वाचून मिक्सर उचलू नये. तिथं १२० व्होल्ट आहे, आणि आपली १००० वॅटची इस्त्री तिथं जेमतेम पावणेतीनशे वॅटची होते, कपडा नुसता कोमट. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' असं छापलेलं असतं, ते कुठंही चालतात.

कुकर न्या, तीन लिटरचा, पण तळ बघून. वसतिगृहात बहुधा काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असते. ती इंडक्शनची असेल तर साधा अल्युमिनियमचा कुकर गरमच होणार नाही. लोहचुंबक तळाला चिकटला तरच चालेल. दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर द्या, तिकडं मापाच्या मिळत नाहीत. कुकर आत सोडायच्या बॅगेत ठेवा आणि पोटात मोजे-रुमाल भरा. बाकी स्टीलचा संसार नको. एक तवा, एक पोळपाट-लाटणं, दोन वाट्या, चमचे पुरे. चादरी, उशा, बादली, हँगर, शाम्पूच्या मोठ्या बाटल्या काढून टाका. पुस्तकांनी चार किलो सहज होतात. मूळ मार्कशीट आणि प्रमाणपत्रं मात्र हातातल्या बॅगेतच.

खाण्यात तूप, खवा, पनीर, कुठलाही मांसाचा पदार्थ नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्यांना दूध आणि मांस आणता येत नाही. कढीपत्ता, मिरच्या, भाज्या यांनाही वनस्पती-आरोग्य दाखला लागतो, तो घरगुती सामानाला कोण देणार? गंमत म्हणजे नारळ, केळी, अननस, खजूर आणि डुरियन या पाच फळांना त्यातून सूट आहे. सुकटही चालते, वास सहन होत असेल तर. कडक भाकऱ्या न्या, पण रुंद स्टीलच्या डब्यात कागद घालून, नाहीतर पोचेपर्यंत चुरा.

अमेरिकेला मुलाकडं जातोय. शेतातला तांदूळ, हरभरा, खोबऱ्याच्या वाट्या, लोणचं, मेतकूट.
— एक शेतकरी, खानापूर तालुका

काका, तांदूळ आणि हरभरा नको. खापरा भुंगेरा नावाची साठवणीच्या धान्यातली कीड आहे. ती भारतात आहे, अमेरिकेला ती आत येऊ द्यायची नाही. म्हणून आपल्याकडचा तांदूळ प्रवाशाच्या सामानातून ते घेत नाहीत. शेतातलाच आहे, स्वच्छ आहे, हे पटवता येत नाही. अळी दिसली नाही तरी अंडी असू शकतात.

खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढून घेतील. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ढिगात ते आपोआप तापू शकतं, त्यामुळे विमान वाहतुकीच्या नियमांत ते आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं. हातातल्या बॅगेत नाही, आतल्या बॅगेतही नाही. मसाल्यात कुटलेलं खोबरं वेगळं, त्याला अडचण नाही.

लोणच्याचं पातळ तेल हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही, तूपही तसंच द्रव धरतात. आतल्या बॅगेत ठेवताना बरणी गळते, कारण वर गेल्यावर दाब कमी होतो आणि बरणीतली हवा फुगून तेलाला बाहेर ढकलते. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून आवळा, वरून टेप, मग एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्या आणि मग स्टीलचा डबा. त्यापेक्षा लोणच्याचा कोरडा मसाला न्या, तिकडं लिंबं मिळतात. कच्चे आंबे, कढीपत्ता नकोतच. कढीपत्त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाते, म्हणून तिथं त्याला बंदी आहे.

मेतकूट, भाजणी यांसारखी पीठं चालतात, पण ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत नको, अमेरिकेच्या विमानाला ती वेगळी तपासतात आणि शंका आली तर टाकून देतात. सौंदत्तीचा भंडारा न्यायचा असेल तर चिमूटभर, छापील पुडीत. आणि जे काय असेल ते सगळं जाहीर करा. खाण्याचा पदार्थ लपवला तर दंड १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

लग्नातले दागिने घालून गेलं तर येताना त्रास होतो का? आणि रोख किती न्यावी?
— एक वाचक, चिकोडी

जाड दागिने लॉकरमध्ये ठेवा. नेणं अगदीच गरजेचं असेल तर निघताना आंतरराष्ट्रीय विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला करून घ्या, म्हणजे परत येताना तेच दागिने विकत आणलेले धरले जात नाहीत. त्यासाठी दागिने हातातल्या बॅगेत असावे लागतात आणि सोनाराची वजन-किमतीची पावती लागते. तासभर जादा ठेवा. भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंत. परकी चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत, बाकी कार्डावर. रेशन कार्ड, मतदार कार्ड, बँकेची सगळी पासबुकं बरोबर कशाला?

पॉवर बँक कुठं ठेवायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
— एक विद्यार्थी, संकेश्वर

हातातल्या बॅगेतच. आतल्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. मर्यादा १०० वॅट-अवरची. अंगावर फक्त एमएएच छापलेलं असेल तर त्याला ३.७ नं गुणून १००० नं भागा: २०,००० ची ७४ होते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते, तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल तर ती नेऊच नका. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवली आहे, आणि विमानात तिच्यावर चार्जिंग करायला मनाई आहे.

न्यूझीलंडला डेअरीच्या कामाला जातोय. शेतात वापरायचे बूट आणि अथणीची चप्पल न्यायची आहे.
— एक वाचक, अथणी

शेतातले बूट काढा, तिथं नवे घ्या. गोठ्यातून आलेल्या तळव्याला चिकटलेली माती आणि शेण हीच त्यांची सगळ्यात मोठी भीती आहे, आणि तुम्ही जाणार आहात तेही गोठ्यातच. चप्पल न्यायला हरकत नाही, पण कमावलेल्या चामड्याची, कोरी असली तर उत्तम. वापरलेली असेल तर तळाच्या शिलाईतली आणि टाचेच्या खिळ्यांभोवतीची माती जुन्या टूथब्रशनं काढा, उन्हात वाळवा, आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. कार्डावर जाहीर करा, कारण धोक्याची वस्तू जाहीर केली नाही तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर भरावे लागतात.